जैन पास्ता म्हणजे कांदा वजा पास्ता?



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. विषय साधाच होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींसाठी आपण आठ दिवसांचा स्वयंपाकाचा वर्ग घेतो, त्यात यंदा काय शिकवायचं? तरुण सुनांनी 'जैन पास्ता' सुचवला. नाशिकहून शिकवणाऱ्या बाई येतील, रेड सॉस, व्हाइट सॉस, पिंक सॉस, सगळं बिनकांद्या-लसणाचं. दिवस मोजकेच असल्यामुळे काहीतरी काढावं लागणार होतं, म्हणून शेवयांचा दिवस काढायचा असं ठरत आलं. तेवढ्यात एक ज्येष्ठ भाभीजी उसळल्या. पास्ता हे आपलं अन्नच नाही, परक्या मुलखातला मैदा आहे, स्थानकाच्या हॉलमध्ये तो शिकवायचाच नाही! मग इकडून दोन शब्द, तिकडून चार शब्द. शेवटी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि सगळ्या आपापल्या घरी गेल्या.

मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर पोळ्या लाटताना मात्र सगळं सुचत गेलं. नेहमीचंच आहे हे माझं. म्हणून आज इथे लिहिते.

मला वाटतं, दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे: पास्ता म्हणजे एक पदार्थ. एकीला तो हवा आहे, दुसरीला नको आहे. पण इटलीत असा एक पास्ता नाहीच. माझी भाची नोकरीनिमित्त तीन वर्षं मिलानला होती. ती पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा मी कौतुकाने विचारलं, "काय ग, रोज पास्ता का?" तर म्हणाली, "मावशी, इथे भातच जास्त खातात. आणि पास्ता म्हणशील तर कुठल्या गावचा?" तेव्हापासून मी तिच्याकडून ऐकत गेले, मिळेल ते वाचत गेले. वाणिज्य शाखेची सवय, नोंदी ठेवल्या. त्या वहीतलंच थोडं सांगते.

इटलीच्या उत्तरेला, बोलोन्याच्या बाजूला, मऊ गहू पिकतो. तिथे मैद्यासारख्या पिठात अंडी घालून पास्ता लाटतात, तोही ताजा, त्याच दिवशी खायचा. दक्षिणेला, नेपल्सच्या खाली, पुलिया, सिसिली या भागांत ऊन कडक, पाऊस कमी, जमीन कोरडी. तिथे कडक दाण्याचा गहू येतो. त्या गव्हाच्या रव्यात फक्त पाणी घालायचं, मळायचं, आकार द्यायचा, वाळवायचं. अंड्याचा संबंधच नाही. मीठसुद्धा पिठात घालत नाहीत, उकळत्या पाण्यात घालतात. इटलीत १९६७ साली कायदाच झाला की तिथे केलेला वाळवलेला पास्ता विकायचा तर तो या कडक गव्हाच्या रव्याचाच हवा. मग परक्या मुलखातला मैदा हा आरोप भाभीजींनी कुणावर केला? आपल्या बाजारात जी स्वस्त पाकिटं येतात, त्यातल्या बऱ्याच पाकिटांवर. ती मैद्याची असतात हे खरं, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

नेपल्सजवळ ग्रान्यानो नावाचं गाव आहे. डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये वसलेलं, तिथला वारा कधी दमट तर कधी कोरडा, म्हणून पास्ता हळूहळू वाळतो आणि तडकत नाही. पूर्वी तिथल्या रस्त्यांवर दुतर्फा बांबूंवर पास्ता टांगलेला असे. मी त्याचे जुने फोटो पाहिले आणि मला आमची गच्ची आठवली. दोन खुर्च्यांवर आडवी काठी, तिच्यावर लोंबणाऱ्या शेवया, आणि पिवळ्या दुपारी कावळे हाकलायला बसवलेली मी. फरक इतकाच की ग्रान्यानोच्या पास्त्याला २०१३ साली युरोपात भौगोलिक नाव मिळालं, आणि आमच्या शेवयांना मंडळाच्या यादीतून नारळ मिळाला.

आता आकारांचं बघा. पुलियात 'ओरेक्किएत्ते' म्हणजे छोटे कान. पिठाचा लहान तुकडा सुरीने पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. बारी शहराच्या जुन्या भागात बायका आजही घराच्या दाराशी टेबल मांडून हे करत बसतात, गप्पा चालू आणि हात चालू. शेजारच्या भागात 'कावातेल्ली', ते बोटाने दाबून ओढायचे. उत्तरेला जेनोव्हाच्या किनाऱ्यावर 'त्रोफिए', तळहाताखाली वळून केलेली टोकदार पीळदार वळकटी. दक्षिणेच्या टोकाला कालाब्रियात बारीक लोखंडी काडीभोवती पीठ वळून काडी अलगद ओढून घ्यायची, की पोकळ पीळ उरतो. व्हेनिसच्या बाजूला 'बिगोली', त्यासाठी एक हातयंत्र, वर दांडा, खाली भोकांची चकती. त्या यंत्राचं चित्र दाखवलं तर आपल्यातली प्रत्येक जण म्हणेल, हे तर शेवयांचं यंत्र.

आणि बोलोन्याची गंमत सांगायलाच हवी. तिथे तालियातेल्ले नावाची पट्टी किती रुंद असावी यावरून वाद होत. १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये सोन्याची पट्टी जमा करून नोंद केली: शिजल्यावर रुंदी आठ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. बी.कॉम.ला असताना चेंबर ऑफ कॉमर्सची कामं मी पाठ केली होती. त्यात हे नव्हतं, असतं तर मार्क जास्त पडले असते.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकत होती. हे आकार मी पाहिलेले आहेत. इटलीत नाही, माझ्याच माहेरी आणि सासरी.

माझं माहेर यवतमाळकडचं. आई उन्हाळ्यात सरगुंडे करायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू ओलवून, दळून, त्याचा बारीक रवा आणि सपीट काढायचं. घट्ट मळून, कुटून कुटून ते लवचीक करायचं. मग त्याची सुतळीसारखी लांब दोरी वळायची आणि ती गवताच्या स्वच्छ, गुळगुळीत काडीवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची. थोडी सुकली की काडी काढून घ्यायची. वाळलेले सरगुंडे डब्यात जात. आंबे आले की वाफवून रसाबरोबर पानात. आतल्या पोकळीत रस भरतो, आणि घास घेतला की तो तोंडात सुटतो. कालाब्रियातल्या बायका नेमकं हेच करतात, आणि लोखंडी काडी नसेल तर विणकामाची सुई घेतात. काडीवर वळायचं कारणही तेच: पोकळी हवी, म्हणजे पातळ पदार्थ आत धरला जातो.

लग्न होऊन लासलगावला आले तर इथे सरगुंडे कुणाला ठाऊक नव्हते. नव्या सुनेने "आमच्याकडे काडीवर करतात" म्हटल्यावर घरातल्या सगळ्या हसल्या. इकडे शेवया आणि कुरडया. माझी मोठी जाऊ अमळनेरची, खान्देशातली. तिच्याकडे आमरस, पुरणपोळी आणि तळलेली कुरडई यांशिवाय उन्हाळ्याचं जेवणच पूर्ण होत नाही. आमच्या सासूबाई मात्र कुरडई करत नसत. तिच्यासाठी गहू तीन दिवस पाण्यात ठेवून आंबवावा लागतो, ते त्यांना चालत नसे. गहू ओलवायचा तो रात्रभर, सकाळी दळायचा, दुपारपर्यंत शेवया काठीवर, एवढंच त्यांना मंजूर. म्हणून एकाच घरात, एकाच चुलीवर, जावेचं माहेर कुरडईचं, माझं सरगुंड्यांचं आणि सासर शेवयांचं. बायका लग्न होऊन गावं बदलतात, पण हाताची सवय बरोबर घेऊन जातात, आणि नव्या घरात ती चालली तर चालते, नाही तर हसण्यावारी जाते.

शेजारच्या देशस्थांच्या काकू वळवट करायच्या. गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे. अंगठा आणि बोट यांच्यात पिठाचा कण वळून गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला. नखाने चिमटा काढून नखुला. बोटवे बोटाच्या दाबाने. लग्न-मुंजीत गव्हल्यांची खीर आधी पानात, मग बाकी जेवण. रुखवतात त्यांच्या परड्या मांडलेल्या असायच्या. जेनोव्हाचे त्रोफिए आणि काकूंचे गव्हले शेजारी ठेवले तर लहानमोठे भाऊ वाटतील. कोकणात गहू नाही, तर तिथे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे लाकडी यंत्रातून दाबून शिरवळे काढतात आणि नारळाच्या रसात गूळ घालून खातात. आणि डाळीत शिजवलेले पिठाचे तुकडे तर घरोघरी. विदर्भात वरणफळं, सोलापूर-साताऱ्याकडे चकोल्या, आम्हा मारवाड्यांत आणि गुजरात्यांत दाळढोकळी. इटलीच्या टाचेकडे सालेंतो भागात हरभऱ्यात शिजवलेल्या पास्त्याच्या पट्ट्या खातात, त्यातल्या थोड्या पट्ट्या तळून वरून घालतात. त्या पदार्थाच्या नावातला 'त्रिया' हा शब्द अरबी 'इत्रिया'वरून आलेला. अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने ११५४ सालीच लिहून ठेवलं आहे की सिसिलीत त्राबिया नावाच्या गावी इत्रिया करतात आणि जहाजं भरभरून बाहेर पाठवतात. मार्को पोलोने पास्ता चीनहून आणला ही गोष्ट आपण शाळेत ऐकली होती, ती विसरून जा. तो परतला १२९५ मध्ये, आणि जेनोव्हात १२७९ च्या एका मृत्युपत्राच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या टोपलीची नोंद सापडते. यादीत नोंद असली की मला पटतं.

मी असं म्हणत नाही की पास्ता आपलाच, तो इटलीने चोरला. तसले मेसेज फिरतात, ते पुढे पाठवू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की गहू, ऊन, पाणी आणि बायकांचे हात जिथे जिथे एकत्र आले, तिथे तिथे हे घडलं आहे. आणि जिथे घडलं तिथे त्या गावाच्या गव्हाप्रमाणे, त्या घराच्या धर्माप्रमाणे घडलं. इटलीतही कॅथलिक लोकांत ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मांस वर्ज्य असायचं. त्या दिवसांसाठी बिनमांसाच्या भरणाचा वेगळा पास्ता तयार झाला, भाजी आणि ताज्या चीजच्या भरणाचा. आजही त्याला 'दी माग्रो' म्हणतात. त्याला कुणी 'मांस वजा पास्ता' म्हणत नाही, तो आपल्या जागी पूर्ण पदार्थ आहे.

आता माझ्या दुखऱ्या जागेवर येते. आपण 'जैन पास्ता' म्हणतो तेव्हा काय करतो? हॉटेलचा पास्ता घ्यायचा, त्यातून कांदा वजा, लसूण वजा. जमाखर्चात नुसती वजाबाकी करत गेलं तर शिल्लक किती राहणार? मग ती पोकळी भरायला चीज, क्रीम, तिखट सॉस, वरून पुन्हा चीज. लग्नातल्या लाइव्ह काउंटरवर हेच असतं. हात पुढे करणाऱ्या मुलीला वाटतं, जैन असणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं काहीतरी कमी करून मिळणं. हे मला सहन होत नाही. आमचं घर तीन पिढ्या कांद्याच्या आडतीवर चाललं. १९४७ साली इथे बाजार समिती झाली तेव्हापासूनच्या पावत्या माळ्यावर आहेत. लासलगावच्या कांद्याचा भाव देशभर पोचतो, आमच्या अंगणात कांद्याच्या गोण्यांचा वास भिनलेला, आणि चुलीपर्यंत कांदा कधी आला नाही. तरी सासूबाईंच्या डाळीला कुणी 'कांदा वजा डाळ' म्हणालं नाही. जिरं, हिंग, मिरी, तूप, आमसूल यांनी ती भरलेली असायची.

दक्षिण इटलीतल्या गरीब घरांत चीज परवडत नसे. तिथे शिळ्या पावाचा चुरा तेलावर खरपूस भाजून पास्त्यावर घालत. आजही सिसिलीत घालतात, आता आवडीने. ही गोष्ट मला पावाच्या चुऱ्यासाठी महत्त्वाची वाटत नाही, तर त्या बायकांच्या डोक्यासाठी वाटते. नाही त्याची जागा त्यांनी आपल्या घरातल्या वस्तूने भरली. आपल्याकडे भाजलेल्या तिळाचं कूट आहे, शेंगदाण्याचं कूट आहे, जवसाची चटणी आहे, खाकऱ्याचा चुरा आहे. मी पास्त्यावर तूप, भरडलेली मिरी, भाजलेला तीळ आणि खाकऱ्याचा चुरा घालून पाहिला. नातवंडांनी चीज मागितलं नाही, असं खोटं लिहिणार नाही. धाकट्याने मागितलंच. मोठीने मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आणि चीजचं तर नीट पाहायलाच हवं. पारमिजानो रेज्जानो हे इटलीचं नावाजलेलं चीज, त्याचे नियम ठरलेले आहेत: दूध, मीठ आणि वासराच्या जठरातलं रेनेट. मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनो रोमानोत कोकराचं रेनेट. कांदा-लसूण नाही म्हणून आनंदाने परदेशी चीज किसून घालणाऱ्या मैत्रिणींनो, जरा थांबा. जमीकंदापासून वाचायला म्हणून आपण वासराच्या जठरापर्यंत पोचतो. भाचीने पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने त्या चीजचा तुकडा आणला होता. नियम कळेपर्यंत आम्ही तो अर्धा संपवला होता. उरलेला मी काय केला ते विचारू नका, प्रायश्चित्त घेतलं तेवढं सांगते. आपल्या बाजारात चीज घेताना हिरवा ठिपका बघा आणि बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. पास्त्याचंही तसंच. परदेशातून आलेल्या, अंडं घातलेल्या पास्त्याचा रंग फार सुंदर पिवळा असतो, आणि पिवळा तर चांगल्या कडक गव्हाचाही असतो. रंगावर जाऊ नका, खूण बघा. म्हणजे जैन बाईला इटलीची दक्षिण आणि उत्तर यांतला फरक माहीत असणं ही हौस राहात नाही, गरज होते. दक्षिणेचा रवा-पाण्याचा पास्ता आपल्याला चालतो. उत्तरेचा अंड्याचा चालत नाही. हे वर्गात शिकवलं जाणार आहे का? की फक्त तीन रंगांचे सॉस?

आता गव्हाबद्दल. दक्षिण इटलीचा जो कडक गहू, त्याला शास्त्रात ड्युरम म्हणतात. आपण त्याला बन्सी म्हणतो. आजी-पणजी शेवयांसाठी बन्सीच मागायच्या, पोळीसाठी नाही. पोळी कडक होते, पण शेवई तुटत नाही. आपल्या निफाड तालुक्यात, लासलगावहून तासाभराच्या आत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू संशोधनाचं केंद्र आहे. तिथे बन्सी गव्हाचे वाण तयार झाले, त्यातल्या दोघांची नावं पंचवटी आणि गोदावरी. शेवया, कुरडया आणि पास्ता या तिन्हींसाठी हाच गहू. एकाच दाण्यातून तिन्ही निघतात. आपल्या तालुक्यात असा गहू तयार होतो आणि आपण मंडळात भांडतो, शेवया ठेवायच्या की पास्ता. दोन्ही एकाच रव्याचे असताना दोघींतली एक घराबाहेर का जावी?

चैत्रात आयंबिलची ओळी असते तेव्हा मला हे जास्त कळतं. तेल नाही, तूप नाही, दूध नाही, साखर नाही. आमच्याकडे मीठ-मिरी चालते. एका ओळीत मी बन्सीच्या शेवया नुसत्या पाण्यात उकडून, मीठ-मिरी घालून खाल्ल्या. गव्हाला स्वतःची चव असते, किंचित गोड, थोडी बदामासारखी. आणि शेवई दाताखाली बारीक कण लागेपर्यंतच शिजवायची, गिच्च करायची नाही. इटलीतल्या बायका पास्त्याबद्दल हेच सांगतात. सॉसखाली ही चव इतकी वर्षं दबून गेली होती.

आता जे लिहायला जड जातं ते. सासूबाईंचा शेवयांचा पाट होता. सागवानी, हातभर रुंद, माणसाएवढा लांब, त्याला उभ्या बारीक खाचा. तो भिंतीला तिरका लावून, वर बसून, पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांनी खाचांवर घासत त्या शेवई खाली सोडायच्या, आणि खाली कुणीतरी ती धरून काठीवर घ्यायचं. ती 'कुणीतरी' म्हणजे बहुधा मी. यंत्राच्या शेवईपेक्षा ती केसासारखी बारीक. चौमासी चौदस यायच्या आत डबा रिकामा व्हायला हवा, कारण पावसाळी हवेत लीलण-फूलण धरते, म्हणून जेवढं संपेल तेवढंच करायचं असा त्यांचा हिशोब. पाच वर्षांपूर्वी घर नव्याने बांधलं तेव्हा जुनं लाकूड एकदम दिलं. त्यात पाटही गेला. मीच यादी केली होती. माझ्या हस्ताक्षरात आहे: 'जुनी फळी, १ नग'. रोज पाहिलेली वस्तू मी फळी म्हणून लिहिली. आता पाट असता तरी माझ्या अंगठ्याच्या सांध्याने साथ दिली नसती हे खरं आहे, पण सुनेला दाखवता तर आलं असतं.

म्हणून माझी मंडळाला सूचना अशी आहे. शेवयांचा दिवस काढू नका आणि पास्त्याचाही नाकारू नका. दोन्ही एकाच दिवशी, एकाच परातीत शिकवा. बन्सीचा रवा, कोमट पाणी, अर्धा तास मळणं. सकाळी मुलींनी त्या पिठाच्या शेवया, गव्हले, नखुले करायचे, आणि त्याच पिठाचे अंगठ्यावरचे कान. ज्यांच्या घरी जे माहेरचं असेल ते त्यांनी दाखवायचं. खान्देशच्या सुनेने तिचं, सोलापूरच्या सुनेने तिचं. दुपारी शिजवायचं: काही दुधात, काही तूप-मिरीत, काही डाळीत. नाशिकच्या बाईंनाही बोलवा, त्यांनाही टोमॅटोचा सॉस बिनलसणाचा कसा भरीव करायचा ते चांगलं येतं, मी खाल्लेला आहे. टोमॅटोवरून भाभीजी हरकत घेणार असतील तर त्यांना सांगायला हवं की तो इटलीलाही सोळाव्या शतकात अमेरिकेतूनच आला, आणि आपल्या वरणातली मिरचीही तिकडचीच.

भाभीजींचा राग मला कळतो. त्यांना पास्त्याची भीती नाही वाटत, त्यांना वाटतं की एकदा हॉलमध्ये सॉस आला की आपल्या हातचं कुणी विचारणार नाही. त्यांना गव्हले येतात, हे आमच्यातल्या फार कमी जणींना माहीत आहे. शेजारच्या काकूंकडून शिकल्या होत्या. काकू गेल्या. आता गल्लीत गव्हले येणाऱ्या दोघीच, भाभीजी आणि वरच्या आळीच्या एक बाई, त्यांची दृष्टी कमी झाली आहे. पहिल्या दिवशी शिकवायला मी भाभीजींनाच बसवीन. बैठकीत हे कुणी सुचवलं नाही, मीही नाही.

परवा दुपारी मी लोकर विणायची जुनी सुई उकळत्या पाण्यात धुऊन घेतली. थोडा रवा भिजवला आणि आईचे सरगुंडे आठवून करून पाहिले. पहिले चार तुटले. पाचवा सुईवरून काढताना उलगडला. पीठ सैल झालं होतं, आणि अंगठाही ऐकत नव्हता. सून मागून बघत होती. म्हणाली, "आई, द्या इकडे." तिने सहा केले, त्यातले चार नीट. वाळवून डब्यात ठेवले आहेत, आंब्यांची वाट बघत.

पुढची बैठक रविवारी तीन वाजता आहे. मी सुई आणि पावशेर बन्सीचा रवा घेऊन येणार आहे. आणि कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, गच्चीवर शेवयांचा जुना पाट पडलेला असेल तर मोडीत घालण्याआधी मला निरोप द्या. खाचा झिजल्या असतील तरी चालेल, सुताराकडून करून घेऊ.